दुसऱ्या दिवशीची सकाळ : द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टांत आणि दैनंदिन जीवनाचा अन्वयार्थ

१. प्रश्नाचे स्वरूप

धर्मग्रंथाचे वाचन दोन प्रकारे होते. एक वाचन अभ्यासकाचे. त्यात संहितेचा काळ, तिची भाषा, पाठभेद आणि मूळ श्रोते यांचा शोध घेतला जातो. दुसरे वाचन नित्यनेमाचे. सकाळी पोथीचा नेमलेला अध्याय वाचणारी व्यक्ती त्या अध्यायाचा काळ ठरविण्यासाठी वाचत नसते. समोर आलेला दिवस कसा काढावा, याचे काही सूचन त्यात सापडेल, या अपेक्षेने ती वाचत असते. ख्रिस्ती परंपरेत शुभवर्तमानाचे वाचन मुख्यतः या दुसऱ्या प्रकारचे आहे. उपासनेत ठरलेल्या दिवशी ठरलेला उतारा वाचला जातो, त्यावर प्रवचन होते आणि श्रोते तो उतारा घेऊन घरी, कामावर, बाजारात जातात.

साहित्याच्या अभ्यासकाला या दुसऱ्या वाचनाबद्दल बहुधा संशय वाटत आला आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या संहितेतून आजच्या दिवसापुरता अर्थ काढणे म्हणजे वाचकाने स्वतःचेच मनोगत संहितेवर लादणे नव्हे काय, असा तो संशय आहे. तो निराधार नाही. परंतु त्याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. संहितेतून कोणताही अर्थ काढता येत असेल तर संहितेची गरज उरत नाही. आणि मूळ काळातील अर्थ तेवढाच खरा मानला तर नित्य वाचणाऱ्याची गरज उरत नाही. या दोन टोकांच्या मधली वाट संहिताच दाखविते काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठी मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २०व्या अध्यायातील, १ ते १६ या वचनांत आलेला द्राक्षमळ्यातील मजुरांचा दृष्टांत निवडला आहे. याचे एक कारण असे की, या दृष्टांताच्या वाचनातून निघालेला एक धागा इंग्लंड आणि दक्षिण आफ्रिका या मार्गाने भारतीय भाषांपर्यंत पोहोचला आणि आपल्या सार्वजनिक शब्दसंग्रहात मिसळून गेला.

२. कथा आणि तिची भाषा

कथा थोडक्यात अशी. एका द्राक्षमळ्याचा धनी पहाटेस बाजारपेठेत जातो आणि दिवसाची मजुरी एक दिनार ठरवून मजूर लावतो. दिवसाच्या तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या तासाला तो पुन्हा जातो व आणखी मजूर लावतो. त्यांच्याशी आकडा ठरत नाही, जे वाजवी असेल ते देईन एवढेच तो सांगतो. अकराव्या तासाला, म्हणजे सूर्यास्ताला एक तास उरला असताना, तो शेवटचे जाणे करतो. तेथे अजून काही माणसे उभी असतात. दिवसभर रिकामे का उभे आहात, या प्रश्नावर आपल्याला कोणी कामच दिले नाही, असे ती सांगतात. तीही मळ्यात जातात. संध्याकाळी धनी कारभाऱ्याला सांगून मजुरी वाटतो, ती शेवटच्यांपासून सुरुवात करून. एक तास राबलेल्यांना एक दिनार मिळतो. पहिल्यांची आशा वाढते; त्यांच्याही हातावर एकच दिनार पडतो. ते कुरकुर करतात. त्यांच्यातील एकाला धनी उत्तर देतो की, ठरले तेवढे तुला मिळाले. माझे जे आहे त्याचे मी काय करावे हा माझा प्रश्न आहे. माझा चांगुलपणा तुला का सहन होत नाही? कथा तेथेच संपते.

या कथेतील कालगणना मराठी वाचकाला परकी नाही. सूर्योदयापासून तीन-तीन तासांनी धनी येतो, याचा अर्थ दिवसाच्या चार प्रहरांच्या आरंभी तो बाजारात असतो. हे जाणे-येणे व्यवहाराला धरून आहे. सुगी आहे, माणसे कमी पडत आहेत, म्हणून धनी प्रहराप्रहराला माणसे वाढवीत आहे, असे वाचक समजतो. अकराव्या तासाचे जाणे मात्र प्रहराच्या हिशेबात बसत नाही. एका तासासाठी मजूर लावण्यात शेतीचा लाभ जवळजवळ नाही. येथेच कथा नेहमीच्या व्यवहारातून बाहेर पाऊल टाकते. येशूच्या दृष्टांतांत रोजच्या जगण्याच्या मध्येच असा एक अतिरेक डोकावतो आणि अर्थाची दिशा तोच दाखवितो, हे पॉल रिकर या फ्रेंच तत्त्वचिंतकाने दाखविले आहे.

तीन शब्द विशेष विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला, बाजारात उभ्या असलेल्यांचे विशेषण. मूळ ग्रीक शब्द ‘आर्गोस’ हा आहे. ज्याला काम नाही तो, आणि जो आळशी आहे तो, असे दोन्ही अर्थ त्यात येतात. मराठीतील ‘रिकामा’ या शब्दातही हीच संदिग्धता आहे. ‘तो सध्या रिकामा आहे’ या वाक्यात सहानुभूती असते. ‘रिकामटेकडा’ म्हणताच ती जाते. धन्याचा प्रश्न दुसऱ्या अर्थाकडे झुकणारा आहे, मजुरांचे उत्तर पहिल्या अर्थाकडे. सकाळी शहरातील मजूर अड्ड्यावर उभा राहणारा माणूस उन्हे चढेपर्यंत काम मिळाले नाही तर बहुधा घरची वाट धरतो. सूर्यास्ताला तास उरेपर्यंत जो उभा राहतो, त्याचे उभे राहणे आळसाचे नसते. घरी रिकाम्या हाताने जाण्याची त्याला भीती असते.

दुसरा शब्द संबोधनाचा. कुरकुर करणाऱ्याला धनी ‘हेताइरे’ म्हणतो. मत्तयाने हे संबोधन तीन ठिकाणी वापरले आहे : येथे, लग्नाच्या मेजवानीत योग्य वस्त्र न घालता आलेल्या माणसाला उद्देशून, आणि अटकेच्या रात्री यहूदाला उद्देशून. तिन्ही ठिकाणी शब्दाने जवळीक दाखविली आहे आणि प्रसंगाने अंतर. मराठीत ‘गड्या’ हे संबोधन येथे विलक्षण अर्थपूर्ण ठरू शकते. ‘गडी’ म्हणजे सवंगडी, आणि ‘गडी’ म्हणजे शेतावर राबणारा नोकरही. धनी त्या मजुराला यांपैकी कोणत्या अर्थाने हाक मारतो, हा दृष्टांताचाच प्रश्न आहे.

तिसरा शब्द डोळ्यांचा. धन्याच्या अखेरच्या प्रश्नात मूळ संहिता ‘दुष्ट डोळा’ असा वाक्प्रयोग करते. अनेक अनुवादांत त्याचा ‘हेवा’ होतो आणि डोळा नाहीसा होतो. मराठी भाषेला मात्र दुसऱ्याचे बरे डोळ्यांत सलते, हे वेगळे शिकवावे लागत नाही. हा तपशील महत्त्वाचा अशासाठी की, मजुरी उलट्या क्रमाने वाटली जाते ती पहिल्यांना दिसावे म्हणून. पहिल्यांना आधी मजुरी देऊन वाटेला लावले असते तर कुरकुर झाली नसती आणि दृष्टांतही झाला नसता. त्यांची तक्रार आपल्याला कमी मिळाले ही नाही. शेवटच्यांना आपल्या बरोबरीचे केले, ही आहे.

३. अलिखित दार्ष्टांतिक

मराठी साहित्याच्या इतिहासात ‘दृष्टांत’ ही एक सुस्पष्ट रचना आहे. महानुभाव पंथातील ‘दृष्टांतपाठा’त चक्रधरांचे ११४ दृष्टांत केसोबासांनी संकलित केले. तेथे प्रत्येक प्रकरणाची तीन अंगे आहेत : आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक. सूत्र व दृष्टांत चक्रधरांचे. दृष्टांतातील कोणती गोष्ट कशाला लागू पडते हे उलगडणारे दार्ष्टांतिक केसोबासांचे. श्रोत्याला अर्थाच्या शोधात फार भटकावे लागत नाही, कारण संकलकाने वाट आखून दिलेली असते.

शुभवर्तमानातील दृष्टांतांत हे तिसरे अंग क्वचितच आढळते. पेरणाऱ्याच्या दृष्टांतासारखे काही अपवाद वगळता कथा सांगून होते आणि श्रोत्याला सोडून दिले जाते. सी. एच. डॉड यांनी १९३५मध्ये दृष्टांताची व्याख्या करताना याच गोष्टीवर भर दिला. दृष्टांत रोजच्या जीवनातून किंवा निसर्गातून घेतलेला असतो, आपल्या वेगळेपणाने तो लक्ष वेधतो आणि नेमका कोठे लागू पडतो याविषयी मनाला अनिश्चित ठेवून विचाराला प्रवृत्त करतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मराठी परिभाषेत सांगायचे तर, या दृष्टांतांचे दार्ष्टांतिक अलिखित आहे. ते वाचकाने आपल्या जगण्यातून पुरवायचे आहे.

ही रिक्त जागा भरण्याचा प्रयत्न प्रारंभापासून झाला. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप झालेल्या थोर ग्रेगरींनी आपल्या प्रवचनात दिवसाच्या पाच वेळा म्हणजे आदामापासून पुढच्या मानवी इतिहासाचे पाच कालखंड असा अर्थ लावला आणि त्याच वेळा माणसाच्या बालपणापासून जराजीर्ण वयापर्यंतच्या अवस्थांनाही लावून दाखविल्या. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये योहान ख्रिसोस्तोम यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले प्रवचन पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री आजही वाचले जाते. त्यात अकराव्या तासाला आलेल्यालाही मेजवानीचे आमंत्रण आहे. हे अर्थ रूपकात्मक आहेत, पण ते जीवनापासून दूर नाहीत. आयुष्याच्या उतारावर धर्माकडे वळलेल्या श्रोत्याला त्यांनी धीर दिला असणार. मात्र या वाचनात मजुरीची मजुरी राहत नाही आणि बाजार बाजार राहत नाही. १८८८पासून आडोल्फ युलिखर यांनी रूपकात्मक वाचनावर जी टीका केली, तिचे मर्म हेच होते.

शेवटचे ते पहिले होतील या आशयाचे जे वाक्य कथेच्या अखेरीस येते, ते दार्ष्टांतिक मानता येईल, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु योआखिम येरेमियास यांच्या १९४७च्या ग्रंथापासून अनेक अभ्यासकांनी दाखविले आहे की, हे सामान्य वचन अन्यत्रही येते आणि कथेला पुरते बसत नाही. कथेत कोणी कोणाच्या पुढे जात नाही; सगळे समान होतात. म्हणजे जोडलेले दार्ष्टांतिकही रिक्त जागा भरत नाही.

तुलनेसाठी यरुशलेमी तालमूदातील एक कथा उपयुक्त आहे. एका तरुण विद्वानाच्या मृत्यूनंतर सांगितलेल्या या कथेत राजा मजूर लावतो. त्यांच्यातील एक फारच कुशल असल्याने दोन तासांनंतर राजा त्याला सोबत घेऊन हिंडतो आणि संध्याकाळी पुरी मजुरी देतो. इतर तक्रार करतात तेव्हा राजा म्हणतो की, तुम्ही दिवसभरात केले नाही ते याने दोन तासांत केले. येथे समान मजुरीला गुणवत्तेचा आधार आहे. मत्तयाच्या कथेत तो मुद्दाम वगळलेला आहे. मात्र यावरून ज्यू परंपरा हिशेबी आणि ख्रिस्ती परंपरा कृपाळू, असा जो निष्कर्ष काही पाश्चात्त्य अभ्यासकांनी काढला, तो टिकणारा नाही. आळशी मजुरांनाही पुरी मजुरी देणाऱ्या राजाचे दृष्टांत ज्यू परंपरेतही आहेत. आणि मत्तयाच्या कथेतील धनी संध्याकाळीच मजुरी चुकती करतो, ती गरीब मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी द्यावी या अनुवादाच्या पुस्तकातील आज्ञेला धरूनच.

४. वाचनाच्या रीती

अलिखित दार्ष्टांतिक पुरविण्याच्या रीती परंपरेने घडविल्या. बाराव्या शतकात द्वितीय गीगो या मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशी चार पायऱ्यांची शिडी सांगितली. ती मठातील एकांताची रीत होती. रविवारच्या उपासनेतील रीत सामूहिक आहे. कॅथलिक चर्चने १९६९मध्ये वाचनांचा त्रैवार्षिक क्रम लागू केला. त्यात हा दृष्टांत पहिल्या वर्षातील सामान्य काळाच्या २५व्या रविवारी येतो. म्हणजे नेमाने जाणाऱ्या श्रोत्याला तो दर तीन वर्षांनी एकदा भेटतो. तीन वर्षांपूर्वी नोकरीत असलेला श्रोता या खेपेस बेकार असू शकतो. वाक्ये तीच असतात. श्रोत्याची उभे राहण्याची जागा बदललेली असते.

मराठीच्या परिसरात ही गरज फार लवकर उमटली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्याच्या आरंभीच एक प्रसंग आहे. साष्टीत रविवारी मुलांना धर्मतत्त्वे शिकविली जात असताना एक नवख्रिस्ती ब्राह्मण पुढे येतो आणि विचारतो की, जुनी पुराणे आम्ही सोडली, आता आमच्या भाषेत तशी एखादी पोथी आम्हांला का देत नाही? या प्रश्नात धर्मतत्त्वे कळण्याची अडचण नाही; ती तर शिकविली जातच होती. अडचण आहे ती रोज वाचण्या-ऐकण्याजोग्या कथनाची. तत्त्व पाठ करता येते, परंतु दिवसाची सोबत कथाच करते, हे त्या प्रश्नकर्त्याला ठाऊक होते. पुढे मंगळूरच्या परिसरातील कोकणी ख्रिस्ती समाजात हे पुराण दीर्घकाळ गायले-ऐकले गेले आणि १९०७ची सलढाणा यांची आवृत्तीही मंगळूरलाच निघाली, हे मराठी ग्रंथाच्या मराठी प्रदेशाबाहेरील आयुष्याचे बोलके उदाहरण आहे.

पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्तिसदनात हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले, तेही अशाच वाचकांसाठी. शिक्षणाची संधी न मिळालेल्या, खेड्यांतून आलेल्या स्त्रिया त्यांच्यासमोर होत्या. एप्रिल १९२२मध्ये रमाबाईंचे निधन झाले आणि संपूर्ण बायबल १९२४मध्ये प्रसिद्ध झाले. विद्वत्तेचा एवढा खटाटोप साध्या वाचकाच्या रोजच्या वाचनासाठी करावा, यात वाचनाविषयीची एक निश्चित भूमिका आहे : अर्थ लावण्याचा अधिकार वाचणाऱ्या स्त्रीला आहे, आणि तो तिला मिळावा म्हणून भाषा तिच्यापर्यंत आली पाहिजे.

हीच भूमिका विसाव्या शतकात निकाराग्वातील सोलेंतिनामे या द्वीपसमूहावर वेगळ्या रूपात प्रकट झाली. कवी व धर्मगुरू एर्नेस्तो कार्देनाल यांनी १९६६मध्ये तेथे एक समुदाय उभारला. रविवारच्या उपासनेत शुभवर्तमान वाचून झाले की प्रवचनाऐवजी शेतकरी आणि कोळी त्यावर आपसांत बोलत. ती संभाषणे नोंदवून पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. ऑक्टोबर १९७७मध्ये त्या समुदायातील काही तरुणांनी सान कार्लोसच्या लष्करी ठाण्यावरील हल्ल्यात भाग घेतला आणि सरकारी सैन्याने समुदायाची वस्ती उद्ध्वस्त केली. रोजच्या जीवनाशी वाचन जोडणे ही निरुपद्रवी गोष्ट नसते, एवढे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

५. रस्किन ते फिनिक्स

द्राक्षमळ्याच्या दृष्टांताचे आधुनिक काळातील सर्वांत परिणामकारक वाचन एका अर्थशास्त्रविषयक पुस्तकात झाले. जॉन रस्किन यांचे चार निबंध १८६०मध्ये ‘कॉर्नहिल मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाले. वाचकांचा रोष इतका झाला की मालिका थांबवावी लागली. १८६२मध्ये ते ‘अन्टू धिस लास्ट’ या नावाने ग्रंथरूपात आले. हे शीर्षक धन्याच्या उत्तरातून घेतलेले आहे. आरंभी रस्किन यांनी दोन अवतरणे शेजारी ठेवली : एक या दृष्टांतातील एका दिनाराचे, दुसरे जखऱ्याच्या ग्रंथातील तीस रुप्यांचे. माणसाच्या श्रमाची किंमत आणि माणसाचीच किंमत, हे दोन व्यवहार शेजारी ठेवून त्यांनी वाचकापुढे प्रश्न उभा केला.

तथापि रस्किन यांचे प्रतिपादन दृष्टांताशी तंतोतंत जुळत नाही. कोणत्याही कामाची मजुरी ठरीव असावी, स्पर्धेने ती खाली येऊ नये, हे त्यांचे म्हणणे समान दिनाराशी नाते सांगते. परंतु ठरीव दर ठेवला म्हणजे चांगल्या कारागिराला काम मिळेल आणि वाईट कारागीर कामाविना राहील, असेही ते म्हणतात. दृष्टांताचा सारा भार तर कामाविना राहिलेल्यावर आहे. ही उणीव रस्किन यांना जाणवली असावी. पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्यांनी बेकारांसाठी शासनाने शिक्षणाची आणि कामाची व्यवस्था करावी, असे सुचविले आहे. म्हणजे दृष्टांतातून शीर्षक घेतल्यावर दृष्टांतातील शेवटचा माणूस लेखकाची पाठ सोडत नाही.

१९०४मध्ये जोहान्सबर्गहून डरबनला जाताना गांधीजींनी हे पुस्तक आगगाडीत वाचले. हेन्री पोलक यांनी ते त्यांना दिले होते. त्या रात्री झोप आली नाही आणि या पुस्तकातील विचारांप्रमाणे आयुष्य बदलायचे, असा निश्चय झाला, असे त्यांनी आत्मकथेत नमूद केले आहे. त्यांनी पुस्तकाचे सार तीन सूत्रांत मांडले : सर्वांच्या हितात व्यक्तीचे हित आहे, उपजीविकेचा हक्क सर्वांना सारखाच असल्याने वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखे आहे, आणि श्रमाचे जीवन, म्हणजे शेतकऱ्याचे व कारागिराचे जीवन, हेच खरे जगण्यासारखे जीवन आहे. यातील दुसरे सूत्र रस्किन यांच्यापेक्षा दृष्टांताच्या अधिक जवळ आहे. मोलाचे समानत्व येथे कामाच्या मापावरून ठरत नाही. पोट सर्वांना आहे, यावरून ठरते.

याहून उद्बोधक आहे ती त्यानंतरची कृती. ‘इंडियन ओपिनियन’चा छापखाना डरबनजवळ फिनिक्स येथील शेतावर हलविण्याचे ठरले. तेथे राहणाऱ्या प्रत्येकाने श्रम करावेत आणि वर्णाचा वा राष्ट्राचा भेद न करता प्रत्येकाला दरमहा तीन पौंड मिळावेत, अशी योजना झाली. परंतु छापखान्यातील सर्वच कामगार एवढ्यावर आडवळणी जागी राहायला तयार होणार नाहीत, हे गांधीजींनी ओळखले. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी आपला ठरलेला पगार घेत राहावे आणि हळूहळू वस्तीचे सभासद होण्याचा प्रयत्न करावा, अशी सवलत ठेवण्यात आली. दृष्टांत आठवून हा तपशील वाचला तर त्याचे महत्त्व कळते. पहाटे आकडा ठरवून आलेल्याला त्याचा आकडा मिळतो. विश्वासावर आलेल्यांची व्यवस्था वेगळी असते. आणि दोघे एकाच मळ्यात काम करतात. फिनिक्सच्या संस्थापकाने मत्तयाचा २०वा अध्याय समोर ठेवून ही व्यवस्था आखली, असे म्हणण्यास आधार नाही. मात्र शीर्षकाच्या वाटेने आलेली कथेची घडण व्यवहारात पुन्हा उमटली, एवढे निश्चितपणे म्हणता येते.

१९०८मध्ये गांधीजींनी या पुस्तकाचे सार गुजरातीत दिले आणि त्याला ‘सर्वोदय’ हे नाव दिले. शीर्षकाचा शब्दशः अनुवाद बायबल न वाचलेल्या वाचकाला कळला नसता, म्हणून पुस्तकाच्या हेतूवरून नाव ठेवले गेले. अनुवादाच्या दृष्टीने हे स्थित्यंतर मोठे आहे. मूळ शीर्षकात ‘शेवटचा’ होता. नव्या नावात ‘सर्व’ आले. शेवटच्यापर्यंत पोहोचल्याशिवाय ‘सर्व’ पूर्ण होत नाही, हे गृहीत त्यामागे आहे; पण शब्दातून तो माणूस दिसेनासा झाला. ‘अंत्योदय’ या शब्दाने त्याला पुन्हा समोर आणले.

६. विरोधी वाचन

येथवरच्या सर्व वाचनांत धनी चांगला आहे, हे गृहीत आहे. विल्यम हर्झोग यांनी १९९४मध्ये पाउलो फ्रेरे यांच्या शिक्षणविचाराचा आधार घेऊन हे गृहीतच नाकारले. द्राक्षमळे त्या काळी धनाढ्यांकडे असत; एक दिनार ही औदार्याची खूण नसून जेमतेम पोटापुरती मजुरी होती; धनी मजुरी आपल्या मनाने ठरवितो, बेकारांना रिकामे म्हणतो आणि तक्रार करणाऱ्याला वेगळा काढून गप्प करतो. या वाचनात धनी हे देवाचे रूप नसून शोषणाची व्यवस्था उघडी करणारे पात्र आहे. माझे आहे त्याचे मी हवे ते करीन, हे वाक्य कोणत्याही गावच्या बड्या जमीनदाराच्या तोंडी शोभेल असेच आहे.

हा आक्षेप भारतीय वाचकाने सहज बाजूला सारू नये. नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात छाटणीच्या हंगामात पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात. पुष्कळदा काम एकरी दराने, उक्ते ठरते. उक्त्या कामात माणूस मोजला जात नाही, काम मोजले जाते. रोजंदारीत दिवस मोजला जातो. दृष्टांतातील शेवटच्यांची मजुरी या दोहोंत बसत नाही. ती देणाऱ्याच्या मर्जीवर आहे. मर्जीवर मिळालेला दिनार उद्या मिळेलच, असे नाही. महाराष्ट्रात १९७७मध्ये संमत झालेल्या रोजगार हमी कायद्याने मागेल त्याला काम हा हक्क मानला. बाजारात उभ्या असलेल्याला त्यातून मिळालेले उत्तर धन्याच्या उत्तरापेक्षा वेगळ्या जातीचे होते. तेथे देणाऱ्याचा चांगुलपणा अपेक्षित नव्हता.

परंतु हर्झोग यांच्या वाचनालाही संहिता एका ठिकाणी अडविते. शोषण करणारा धनी अकराव्या तासाला बाजारात का जातो, याचे उत्तर त्या वाचनातून मिळत नाही. तसेच शेवटच्यांची मजुरी हा केवळ दिखावा असेल, तर पहिल्यांची कुरकुर बरोबरीविषयी का, हेही स्पष्ट होत नाही. म्हणजे रूपकात्मक वाचनाला मजुरी अडविते, रस्किन यांच्या वाचनाला बेकार माणूस अडवितो आणि विरोधी वाचनाला अकरावा तास अडवितो. दैनंदिन जीवनासाठी केलेले वाचन मनमानी असते, या संशयाचे उत्तर येथे आहे. दार्ष्टांतिक अलिखित आहे हे खरे; पण प्रत्येक दार्ष्टांतिकाला दृष्टांत स्वीकारतोच असे नाही.

‘अंत्योदय’ या शब्दाच्या पुढच्या प्रवासालाही ही कसोटी लावता येते. १९७७मध्ये राजस्थानात या नावाची योजना सुरू झाली. डिसेंबर २०००मध्ये केंद्र शासनाची अंत्योदय अन्न योजना आली. शेवटच्या कुटुंबाच्या घरी धान्य पोहोचविणारी योजना क्षुल्लक मानता येणार नाही. तरी एक फरक उरतो. योजनेतील शेवटचा माणूस यादीतून ठरतो. दृष्टांतातील शेवटचा माणूस धनी पाचव्या खेपेस बाजारात जातो तेव्हा दिसतो. यादी एकदा झाली की पुन्हा बाजारात जाण्याचे कारण उरत नाही, आणि यादीत नसलेला तेथेच उभा राहतो.

७. समारोप

या दृष्टांतावर एक साधा, व्यवहारी आक्षेप नेहमी घेतला जातो. दुसऱ्या दिवशी पहाटे बाजारात कोण येईल? एका तासाला दिवसाची मजुरी मिळते असे कळल्यावर सगळेच मजूर सायंकाळी येतील. हा आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगा नाही. कथा संध्याकाळी संपते आणि दुसऱ्या दिवशीच्या सकाळबद्दल एक शब्दही सांगत नाही. पहिले मजूर दिनार घेऊन गेले की टाकून गेले, पुन्हा आले की नाही, शेवटच्यांशी बोलले की नाही, हे सारे अनुक्त आहे.

शुभवर्तमानाच्या नित्य वाचनातून दैनंदिन जीवनाला जो अर्थ मिळतो, तो या अनुक्त सकाळीशी निगडित आहे. रस्किन यांची प्रस्तावना, फिनिक्सचे तीन पौंड, केडगावचे सोपे मराठी, सोलेंतिनामेतील रविवारची संभाषणे हे सर्व त्या सकाळीविषयीचे प्रयत्न आहेत. त्यांपैकी एकही संपूर्ण नाही आणि काहींची किंमत फार मोठी द्यावी लागली. तथापि त्यांच्यात एक साम्य आहे. यांतील कोणीही शेवटच्या मजुराच्या जागी उभे राहून वाचलेले नाही. रस्किन धनवंत होते, गांधीजी यशस्वी वकील होते, रमाबाई संस्कृत पंडिता होत्या, कार्देनाल प्रतिष्ठित कवी होते. हे सगळे पहाटे आकडा ठरवून मळ्यात गेलेले लोक होते. आणि धन्याचा अखेरचा प्रश्न पहिल्यांनाच विचारलेला आहे. शेवटच्यांना या कथेत समजावून सांगण्यासारखे काही नाही. त्यांना दिनार मिळाला आहे. समजून घ्यायचे आहे ते ज्यांच्या डोळ्यांत तो दिनार सलतो त्यांना.

साहित्याचा अभ्यासकही बहुधा पहिल्यांच्याच रांगेतला असतो. त्याचे वेतन ठरलेले असते आणि त्याचा दिवस मोजलेला असतो. दृष्टांताचे दार्ष्टांतिक अलिखित आहे, असे म्हणून त्याला स्वतःपुरते ते कोरे ठेवता येत नाही. धन्याचा प्रश्न ऐकून तो पहिला मजूर काय बोलला, हे मत्तयाने लिहिलेले नाही. नेमाने वाचणाऱ्याकडे ती कथा ठरल्या दिवशी पुन्हा येते, आणि ते उत्तर तोवर त्याच्याकडे बाकी राहते.